राजाबाई टॉवर सरकारी पैशातून? नाही, खुलासा वाचा

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की मुंबई विद्यापीठ सरकारी आहे, त्याच्या आवारातला घड्याळाचा राजाबाई टॉवरपण इंग्रज सरकारनेच बांधला, मग देणगी कशाला द्यायची. हे चुकीचंय. टॉवर आणि लायब्ररीसाठी व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, विद्यापीठाच्या इतिहासात तशी नोंद आहे आणि नावातच पुरावा आहे बघा, राजाबाई म्हणजे त्यांची आई. शेजारचा कॉन्व्होकेशन हॉल (पदवीदानाचं सभागृह) दानशूर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झाला. आणि २०१५ला टॉवरची डागडुजी पूर्ण झाली तीसुद्धा टीसीएस या आयटी कंपनीच्या देणगीतून. सरकारी अनुदान मुख्यतः पगारात जातं हो, जुन्या इमारती, पुस्तकं, स्कॉलरशिप यांना देणगीचा मोठा आधार असतो. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हे टाका.