विश्वाची हद्दकायम मोजणी

सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला, ‘विश्व अनंत आहे, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं!’ तासाभरात दुसऱ्या एकाने दुसरा टाकला, ‘विश्वाचा शेवट ठरला, शास्त्रज्ञ हादरले!’ दोन्हींच्या खाली त्याच त्या मंडळींनी हात जोडलेले. मी जन्मभर भूकरमापक म्हणून शेतजमिनी मोजल्या. मोजणीच्या बाबतीत कुणी ‘सिद्ध झालं’, ‘ठरलं’ म्हणालं, की माझा हात आपोआप कागद मागायला पुढे होतो.

हे मुळात दोन वेगळे अर्ज आहेत. विश्वाला हद्द आहे का, हा एक. विश्वाला मुदत आहे का, हा दुसरा. लोक दोन्ही एकाच फाइलीत घालतात आणि मग भांडत बसतात. हद्द नसलेल्या विश्वाची मुदत संपू शकते आणि हद्द असलेलं विश्व कायम चालू राहू शकतं. एकाच्या निकालावर दुसऱ्याचा निकाल लागत नाही.

आधी हद्द घेऊ.

आमच्या वेळी फलकयंत्र, म्हणजे तिवईवरची नकाशा काढायची फळी, आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. एवढ्या सामानावर मी इतकी गावं पालथी घातली, पण पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मला एकाही शेतात सापडला नाही. माझ्या नकाशांवरून निकाल द्यायचा तर पृथ्वी सपाट आहे आणि कडेचा बांध सोडला तर न संपणारी आहे! कारण साधं आहे. गोल पृष्ठभागावर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त भरते, पण पृथ्वीवर तो जादा भाग एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३६००वा हिस्सा, व्हायला त्रिकोण १९७ चौरस किलोमीटरच्या आसपास लागतो. पाच एकरांत काय दिसणार? विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासला पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. त्याचे त्रिकोण एवढे मोठे होते, की त्यात ही दुरुस्ती करावीच लागे.

आता हाच त्रिकोण आभाळावर टाका. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश आजही सगळ्या दिशांनी आपल्यापर्यंत येतो. त्यात किंचित कमीजास्त तापमानाचे ठिपके आहेत. ते मुळात केवढे असायला हवेत याचं गणित करता येतं आणि ते किती अंतरावरून दिसतायत हेही माहीत आहे. म्हणजे पाया माहीत, बाजू माहीत, कोन तेवढा मोजायचा. अवकाश चेंडूसारखं वळलेलं असेल तर ठिपके अपेक्षेपेक्षा मोठे दिसतील, घोड्याच्या खोगिरासारखं असेल तर लहान. १९९८च्या अखेरीस अंटार्क्टिकावरून सोडलेल्या बलूनमधल्या दुर्बिणीने हे मोजलं, २००० साली निष्कर्ष जाहीर झाले, पुढे प्लांक उपग्रहाने फार बारकाईने मोजलं. ठिपके भरले अंशभराचे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद. सपाट अवकाशात जेवढे दिसायला हवेत, बरोब्बर तेवढेच. चूक फार तर हजारात दोनची.

ही मोजणी वाचली तेव्हा मी खरोखर उठून येरझारा घातल्या होत्या. आम्हाला दोन भावांमधला बांध बिनतक्रार मोजता येत नाही आणि ही माणसं विश्वाचा त्रिकोण मोजून मोकळी.

पण ‘सपाट, म्हणून अनंत’ ही उडी मात्र मला मान्य नाही. हजारात दोनची चूक म्हणजे तेवढ्या फटीत एक प्रचंड मोठा चेंडू आरामात मावतो. आपल्याला दिसणारं विश्व हे त्याच्यावरचं माझं पाच एकरांचं शेत असेल. दुसरं असं, की सपाट असूनही हद्द न लागणारी पण मोजकी जागा असू शकते. जुन्या मोबाइलवरचा तो सापाचा खेळ आठवा. काही प्रकारांत साप उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत यायचा. पडदा सपाटच, भिंत कुठेच नाही, पण जागा तेवढीच. विश्व असं असेल आणि पुरेसं लहान असेल, तर आभाळात समोरासमोर सारख्या खुणांची वर्तुळं दिसायला हवीत. ती शोधली, सापडली नाहीत. म्हणजे पडदा असलाच तर आपल्या दिसण्याच्या टप्प्यापेक्षा मोठा आहे, एवढंच कळलं.

हा टप्पा किती? विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, पण प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणलं जात राहिलं, म्हणून दिसणाऱ्या विश्वाची कड आज सगळ्या बाजूंनी सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्यापलीकडचे लगतदार, म्हणजे शेजारचे जमीनधारक, कोण, याचा कागद कुठल्याच दप्तरात नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. ‘विश्व मर्यादित आहे’ हा निकाल एखाद दिवशी लागू शकतो, त्रिकोणात चेंडूसारखं वळण सापडलं तर. ‘विश्व अनंत आहे’ हा निकाल मोजणीने कधीच लागणार नाही, कारण साखळी कितीही लांब केली तरी तिला शेवटची कडी असते. अनंत मानायला हरकत नाही. मोजून आलं म्हणू नका.

मुदतीचा अर्ज मात्र वेगळा आहे. तो निकाली निघू शकतो आणि तिथेच सध्या खरी गंमत चालू आहे.

१९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी लांबचे स्फोट पावलेले तारे मोजले. गुरुत्वाकर्षणाने विश्वाचं प्रसरण मंदावत असणार असं सगळे धरून चालले होते. निघालं उलटंच, प्रसरणाचा वेग वाढतोय. २०११चं नोबेल याच कामाला. या वाढीमागे जे काही आहे त्याला कृष्ण ऊर्जा नाव दिलं. विश्वाच्या एकूण ऐवजात तिचा वाटा ६८ टक्क्यांच्या आसपास, आणि आपण, आपली जमीन, सगळे तारे वगैरे मिळून जेमतेम पाच टक्के. उरलेलं कृष्ण द्रव्य, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं.

ही ऊर्जा कायम आहे तशीच राहिली, तर विश्व एका झटक्यात संपणार नाही, विझत जाईल. आपला सूर्य आणखी ५०० कोटी वर्षांनी फुगेल, ते तर फारच लवकर म्हणायचं. लहान तांबडे तारे लाखो कोटी वर्षं रेटतील. नवे तारे बनायचे थांबतील. शेवटी कृष्णविवरंसुद्धा हळूहळू विरून जातील. त्यांतल्या सगळ्यात मोठ्यांना लागणारा काळ एकावर शंभर शून्यं इतकी वर्षं. त्यानंतर काळ मोजायला काही घडणारच नाही. मुदत संपली असं म्हणायचं, की मुदत या शब्दालाच अर्थ उरला नाही म्हणायचं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

मात्र ‘ऊर्जा कायम आहे तशीच राहिली तर’ या अटीवर आता बोट ठेवलं गेलंय. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर डेसी नावाचं यंत्र आहे. चार मीटरची दुर्बीण, तिला पाच हजार प्रकाशतंतू, प्रत्येक तंतू एकेका दीर्घिकेवर, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहावर, रोखलेला. आमची साखळी ३३ फुटांची, यांची सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांची! बाल्यावस्थेतल्या विश्वात ध्वनीच्या लाटा जिथवर पोचल्या, ते अंतर दीर्घिकांच्या मांडणीत ठसा उमटून राहिलंय आणि तीच मोजपट्टी. २०२४च्या एप्रिलमध्ये पहिले निष्कर्ष आले, २०२५च्या मार्चमध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं) मोजून दुसरे. दोन्हींचा सूर एकच, कृष्ण ऊर्जा कालांतराने कमजोर होत असावी.

‘असावी’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. शोध लागला असं म्हणायला खात्रीची पायरी (शास्त्रज्ञ तिला सिग्मा म्हणतात) पाच लागते, इथे ती २.८ ते ४.२ मध्ये हिंदकळतेय, आणि सोबत ताऱ्यांच्या स्फोटांची कुठली यादी धरता यावर ती बदलते. आम्ही साखळी वरचेवर तपासायचो, वापरून वापरून कड्या ताणतात आणि एकराचा हिशोब चुकतो. इथेही कुठली साखळी ताणलीय हे आधी बघावं लागेल. ऊर्जा खरंच कमजोर होत असेल, तर पुढे ती किती उतरते यावर सगळं. विश्व पुन्हा आकसूही शकतं, नाहीही. ‘शास्त्रज्ञ हादरले’ वगैरे काही नाही, ते मोजतायत.

आपल्या जयंत नारळीकरांची आठवण इथे येणारच. कोल्हापूरचा जन्म, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, २०२५च्या मे महिन्यात गेले. हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर १९९३ साली त्यांनी आदि-अंत नसलेल्या, आकसत-फुगत चालणाऱ्या विश्वाची मांडणी केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे पुराव्याचं पारडंही दुसऱ्या बाजूला जड आहे. पण ‘नारळीकर म्हणाले म्हणजे बरोबर’ आणि ‘जग म्हणतं म्हणजे नारळीकर चूक’ ही दोन्ही वाक्यं ग्रुपवर वाचली आणि दोन्हींनी सारखाच वैताग आला. हद्द लगतदारांच्या मतदानाने ठरत नाही.

‘हे सगळं वेदांत आधीच आहे’ हाही फॉरवर्ड आलाच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातलं १२९वं सूक्त जरूर वाचा, पण शेवटपर्यंत. ही सृष्टी कुठून आली ते परमव्योमात बसलेल्या तिच्या अध्यक्षालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही ठाऊक नसेल, असं तिथे म्हटलंय. साहेबांना माहीत नसावं असं लेखी द्यायची आमच्या खात्यात कुणाची छाती झाली नसती.

शेवटी ग्रुपवर मी दोन ओळी टाकल्या. ‘हद्द : मोजून अनंत ठरणार नाही. मुदत : मोजणी चालू.’ बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाचा मेसेज आला, ‘भाऊसाहेब, ते विश्वाचं राहू द्या, आमच्या धाकट्याने यंदा पुन्हा बांध कोरलाय, काय करावं?’ त्याला म्हटलं, हद्दकायम मोजणीचा अर्ज भर, लगतदारांना नोटिसा जातील, आणि मोजणीच्या दिवशी भावाला घेऊनच ये.