चेक इंजिनचा दिवा लागलाय? अभिनंदन!

सर्वात सोपा उपाय आधी सांगतो. डॅशबोर्डवरच्या त्या पिवळ्या इंजिनावर बाप्पाचा छोटा स्टिकर लावा. दिवा दिसत नाही म्हणजे बिघाडही नाही.

ॲव्हरेज पडलं तर पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घाला.

एवढ्यानंही चैन पडत नसेल, तर सर्व्हिस सेंटर गाठा. तिथला मुलगा स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडेल, पी०१३५ असा कोड वाचेल आणि म्हणेल, "सर, ऑक्सिजन सेन्सर गेला." म्हणजे इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर. आपण मान डोलवायची. हा कोड सेन्सरच्या हीटरच्या सर्किटचा आहे आणि त्या सर्किटात फ्यूज, वायर, कनेक्टर असलं बरंच काही येतं, हे बोलायचं नाही. त्याला वाईट वाटेल.

नवा सेन्सर बसेल. बिलात थ्रॉटल बॉडी क्लीनिंगही, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची सफाईही असेल. का, ते विचारू नये. दोन दिवसांत दिवा पुन्हा लागेल. मग सल्लागार साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणतील, "आता ईसीएम बघावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा अख्खा कॉम्प्युटर. म्हणजे चोर सापडत नाही तर चाळच पाडा! गेल्या पावसाळ्यात मला हेच ऐकवलं. शेवटी नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियननं गाडीखाली शिरून उंदरानं कुरतडलेली वायर दाखवली. नवाकोरा सेन्सर बिचारा वर थंडगार बसलेला. साधारण ३०० अंशांवर तापल्याशिवाय तो नीट कामच करत नाही, आणि हीटरला करंटच पोहोचत नव्हता!

सर्व्हिसवाल्यांनो, मल्टीमीटर धरायला हात झिजतात का? कनेक्टर काढा, हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. काही ओहम आला तर हीटर शाबूत. मग इग्निशन चालू करून गाडीकडच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का पाहा, फ्यूज बघा, ईसीएमकडून येणारी ग्राउंडची वायर तपासा. कोड हीटरचा नसून सेन्सरच्या सिग्नलचा असेल तर स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचं चालू रीडिंग, उघडा. साध्या झिरकोनिया सेन्सरचं व्होल्टेज गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ मध्ये सारखं खालीवर व्हायला हवं. खालीच अडकलं तर आधी सायलेन्सरच्या पाइपाची गळती शोधा. सेन्सर बदलायची वेळ यानंतर येते.

आणि तुम्ही, मुकाट बिल भरणारे! काय तपासलं, किती रीडिंग आलं, ते विचारत का नाही? काढलेला जुना सेन्सर मागितला की "स्क्रॅपमध्ये गेला" म्हणतात, ते ऐकून घेता? तो तुमचा आहे. काउंटरवर आणून ठेवायला सांगा, त्याशिवाय पैसे देऊ नका.