अप्रेझर येणार म्हणून गालिचे धुऊ नका

२०२३ च्या ऑक्टोबरात तीस वर्षांच्या फिक्स्ड घरकर्जाचा सरासरी दर पावणेआठ टक्क्यांच्या वर जाऊन आला. त्या सुमाराला ज्यांनी इथे अमेरिकेत घर घेतलं, ते तेव्हापासून रेटवर डोळा ठेवून बसलेत. रेट जरा खाली सरकला की आपल्या मराठी ग्रुपवर प्रश्न येतो, "रिफायनान्स करतोय, अप्रेझर येणार आहे, काय तयारी करू?" रिफायनान्स म्हणजे जुनं घरकर्ज फेडून नव्या रेटचं घेणं, आणि अप्रेझर म्हणजे त्यासाठी लेंडरच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या, वतीने घराची किंमत ठरवायला येणारा माणूस. उत्तरं धडाधड पडतात. गालिचे धुऊन घ्या, भिंतींना रंगाचा एक हात मारा, आदल्या दिवशी फोडणी देऊ नका. एका ताईंनी तर चहासोबत चिवडा चालेल का, असंही विचारलं होतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची धांदल नुसती!

माझं स्पष्ट मत आहे की ही मेहनत भलत्याच जागी जाते.

आधी हे विचारा की अप्रेझल, म्हणजे हे मूल्यांकन, लागणार आहे का? प्रत्येक रिफायनान्सला लागतंच असं नाही. साधा रेट कमी करायचा असेल, कर्ज घराच्या किमतीच्या मानाने कमी असेल आणि तुमच्या घराचा जुना रिपोर्ट फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या लेंडरकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांच्या सिस्टिममध्ये असेल, तर बऱ्याचदा वेव्हर (अप्रेझलमधून सूट) मिळतो. तो अर्ज करून मिळत नाही, लेंडरने फाइल सिस्टिममध्ये टाकली की तीच सांगते. एफएचए कर्जाला (सरकारी विमा असलेलं कर्ज) स्ट्रीमलाइन रिफायनान्स आहे, व्हीएवाल्यांना (सैनिक-माजी सैनिकांचं कर्ज) आयआरआरआरएल नावाची तशीच सोय आहे. दोन्हींत साधारणपणे अप्रेझल नसतं. पैसे काढायचे असतील, म्हणजे कॅश-आउट, तर मात्र हात आखडतो. राहत्या घरावर कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं, कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं. जितका जास्त भार तुम्ही लेंडरवर टाकाल, तितकं तो घर नीट बघून घेणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसरं म्हणजे, तुम्हाला कोणता आकडा हवाय हे कागदावर मांडा. समजा कर्ज तीन लाख साठ हजार डॉलर आहे. घर साडेचार लाखांचं ठरलं तर बरोब्बर ८० टक्के, पीएमआय (लेंडरच्या संरक्षणासाठी तुम्ही भरायचा विमा) नाही. चार लाख पस्तीस हजार ठरलं तर ८२.८ टक्के, आणि पीएमआय मानगुटीवर. म्हणजे साडेचारच्या वर पाच येवो की साडेपाच, पीएमआयपुरता काही फरक पडत नाही. तरी लोक "आमचं घर फक्त चार लाख नव्वदचं?" म्हणून आठवडाभर तोंड पाडून बसतात. अहो, तुमचं काम झालंय ना! अप्रेझल म्हणजे काही घराचा सत्कार नव्हे.

आता तो माणूस येतो तेव्हा काय करतो ते सांगतो. अर्धा-पाऊण तास असतो. लेझर मीटरने बाहेरून मापं घेतो, प्रत्येक खोलीचा फोटो काढतो, छत, खिडक्या, फर्नेस बघतो. सोफ्यावरच्या कपड्यांच्या ढिगाशी त्याला देणंघेणं नसतं. छत गळतंय, खिडकी फुटलीय, जिन्याला कठडा नाही, या गोष्टी तो लिहितो. एफएचएचं कर्ज आणि घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगाचे पोपडेही. तेव्हा दुरुस्ती करा, आणि एका पानावर लिहून द्या: छत कोणत्या साली बदललं, हीटिंग-कूलिंग कधी, किचन कधी. एवढं द्यायला हरकत नाही. "एवढा आकडा येऊ द्या हं" हे मात्र चुकूनही म्हणू नका. २००८ च्या आधी लोन ऑफिसर ओळखीच्या अप्रेझरला आकडा सुचवायचे, हे प्रकार सर्रास चालले आणि त्याची फळं सगळ्यांनी भोगली. २००९ पासून नियम कडक झाले, पुढच्या वर्षी डॉड-फ्रँक हा वित्तसुधारणा कायदा आला. म्हणून आता अप्रेझर तुम्हाला निवडता येत नाही, फी मात्र तुमच्याच खिशातून जाते आणि आकडा आवडला नाही म्हणून परत मिळत नाही. हे मला अजूनही खटकतं, पण जुन्या पद्धतीपेक्षा बरं.

आणि बेसमेंट! आपल्या लोकांनी बेसमेंटमध्ये होम थिएटर केलं, बार केला, आई-बाबांसाठी खोली केली. मग रिपोर्टमध्ये घराचं क्षेत्रफळ "कमी" दिसतं आणि बोंबाबोंब होते. फॅनी मेने एप्रिल २०२२ पासून मोजणीला आन्सी या अमेरिकन मानक संस्थेचं मानक लावलंय. त्यानुसार मजल्याचा थोडासा भाग जरी जमिनीखाली असला तरी तो मुख्य क्षेत्रफळात धरत नाहीत, मग तुमचं बेसमेंट थेट अंगणात उघडणारं वॉकआउट का असेना. त्याची किंमत धरतात, पण वेगळ्या ओळीत आणि बहुधा कमी भावाने.

खरा खेळ आहे कॉम्प्सचा, म्हणजे आसपास अलीकडे विकल्या गेलेल्या किमान तीन घरांचा. रिपोर्टची प्रत तुम्हाला फुकट मिळायलाच हवी, तसा २०१४ पासून नियम आहे. ती उघडा आणि शेजारी शेजारी रकाने असलेलं ते पान काढा. मागे एका मित्राचा रिपोर्ट आम्ही दोघांनी बसून वाचला. एक कॉम्प हायवेच्या पलीकडच्या, दुसऱ्या शाळेच्या हद्दीतला. बाथरूमच्या रकान्यात मित्राच्या घरापुढे २.० लिहिलेलं. त्या फॉर्मवर पॉइंटच्या आधी पूर्ण बाथरूम आणि नंतर अर्ध्या (आंघोळीची सोय नसलेल्या) लिहिलेल्या होत्या. खालची पावडर रूम, म्हणजे ती अर्धी बाथरूम, मोजलीच नव्हती, २.१ हवं होतं. अशा चुका घर चकाचक ठेवून सुटत नाहीत.

चूक सापडली तर लेंडरकडे रिकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू, म्हणजे किमतीचा फेरविचार, मागा, थेट अप्रेझरला फोन करू नका. रिपोर्टमागे ही संधी एकदाच मिळते आणि स्वतःचे कॉम्प्स जास्तीत जास्त पाच देता येतात. "समोरच्यांचं सहा लाखांना गेलं म्हणे" याला कोणी विचारत नाही. पत्ता, क्लोझिंगची (विक्री पूर्ण झाल्याची) तारीख, किंमत आणि तो कॉम्प आपल्या घराशी जास्त का जुळतो हे दोन ओळींत. झिलो या वेबसाइटवरचा आकडा तर अजिबात जोडू नका.

२०२०-२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आत घर घेतलेल्यांनी खरं तर इतकं वाचायची गरज नव्हती, पण आलाच आहात तर ऐका. नुसता पीएमआय काढण्यासाठी तो रेट सोडू नका. कर्ज फॅनी मेचं असेल आणि हप्ते वेळेवर असतील, तर दोन वर्षांनंतर आजच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर आणि पाच वर्षांनंतर ८० टक्क्यांवर आल्यावर सर्व्हिसरकडे (तुमचे हप्ते घेणारी कंपनी) पीएमआय काढण्याची मागणी करता येते. मूल्यांकन तोच करवून घेतो, पैसे तुम्ही द्यायचे, आणि रेट जागच्या जागी राहतो.