टोमणा टाइप करून मारू नये

पुणेकरांना टोमणा मारता येतो हे जगजाहीर आहे, त्यावर वाद नाही, पण तो व्हॉट्सॲपवर मारता येत नाही हे काही केल्या आपल्याला कळत नाहीये. टोमण्यात निम्मं काम आवाज करतो हो. "वा, आज अगदी वेळेवर!" हे हसत म्हटलं की समोरचाही हसतो, तेच टाइप केलं की एकतर त्याला खरंच कौतुक वाटतं नाहीतर तो दोन दिवस मनात धरून बसतो. क्रूगर आणि एप्ली म्हणून दोन अमेरिकन संशोधक आहेत, त्यांनी २००५ मध्ये यावर पेपर छापलाय. लोकांना काही सरळ आणि काही उपरोधिक वाक्यं ईमेलवर पाठवायला लावली. पाठवणाऱ्यांना पक्की खात्री की समोरच्याला बरोब्बर कळणार, आणि वाचणाऱ्यांचा अंदाज जेमतेम छापा-काट्याइतका बरोबर! अशीच वाक्यं आवाजात ऐकवली तर मात्र बऱ्याच जणांनी ओळखली.

आता कुठल्याही सोसायटीचा ग्रुप उघडा, कोथरूड घ्या नाहीतर सिंहगड रोड. "काही सदस्यांना पार्किंगची शिस्त नाही." हे काही सदस्य म्हणजे बी विंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे हे अख्ख्या ग्रुपला माहीत, त्यांनाही माहीत. मग ते टाकणार "काही सदस्यांच्या कुंड्यांचं पाणी खाली गळतं", मग कोणीतरी हात जोडलेली इमोजी, मग सुप्रभात, आणि गाडी आहे तिथेच. यापेक्षा आपली पुणेरी पाटी बरी म्हणते मी, ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सारखीच खडूस असते, चारचौघांत एकाला गाठून मारत नाही. आमच्याकडच्या एक काकू सरळ वर गेल्या, बेल वाजवली, "अहो जरा गाडी पुढे घ्याल का, आमच्या ह्यांना गुडघ्यामुळे दार अर्धं उघडून बसता येत नाही." झालं काम. त्या माणसाने ग्रुप म्यूट केलेला होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं!

ऑफिसातही तेच. शेजारच्या डेस्कवरच्या माणसाला बॉसला सीसी ठेवून "आधीच्या मेलमध्ये म्हटल्याप्रमाणे" लिहायचं, ह्याला मी भांडणच म्हणते, फक्त इस्त्री केलेलं. पण म्हणून सगळंच बोलून करा असंही नाही. कामाची गोष्ट लेखीच हवी, तारीख, कोण करणार, कधीपर्यंत. कुरबुर मात्र तोंडी. ट्रेनिंगवाले येऊन सांगतात ना की संवादात शब्द फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि चेहरा, ते डोळे झाकून मानू नका. हे आकडे ज्यांच्या प्रयोगांतून आले त्या मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग आवड-नावड आणि भावना ओळखण्यापुरते होते, आणि हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलंय. नाहीतर हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत सगळी रिक्वायरमेंट भुवयांवरच कळवली असती.

घरात तर फारच नाजूक. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिएटलमध्ये वर्षानुवर्षं जोडप्यांची बोलणी रेकॉर्ड करून अभ्यासली, त्यांचं म्हणणं असं की तक्रार करण्यात वाईट काही नाही, वाईट आहे ते माणसाच्या स्वभावावर जाणं. "आज दूध आणायचं राहिलं" वेगळं आणि "तू कायमच असा आहेस" वेगळं. आणि सुरुवात ज्या सुरात होते त्याच सुरात बहुतेकदा शेवट होतो. आता ही सुरुवात बेडरूममधून हॉलमध्ये मेसेज टाकून केली तर सूर कुठला लागणार?

काहीजण म्हणतील की हल्ली न विचारता फोन केला की तरुण पोरं दचकतात. खरंय. मग आधी मेसेज टाका, पण त्यात विषय लिहा. "पाच मिनिटं बोलू का, सुट्टीच्या अर्जाबद्दल आहे." नुसतं "बोलायचंय तुझ्याशी" असं नको. आमच्या मातोश्री सकाळी दहाला "फोन कर" एवढंच टाकतात आणि स्वतः फोन चार्जिंगला लावून भाजीला जातात, मी मीटिंगमध्ये बसून कोणाला काय झालं असेल याची अख्खी यादी करते, आणि शेवटी त्यांना गॅस बुकिंगचा नंबर हवा असतो.