आडवा वारा आणि व्हॉट्सॲपवरचे पाच मंत्र

भाची पायलटचं शिकते आहे, त्यामुळे घरच्या ग्रुपवर विमानाचं काहीही येऊन पडतं. परवा आले ‘सोसाट्याच्या वाऱ्यात छोटं विमान उतरवण्याचे पाच मंत्र’. सोबत नाक तिरकं ठेवून धावपट्टीवर टेकणाऱ्या बोईंगचा व्हिडिओ. तिच्या बॅचमध्येही तो फिरतोय. ‘मामा, असंच करायचं का?’ असं तिनं विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

पहिला मंत्र: ‘नाक वाऱ्याकडे ठेवूनच टेका, चाकं विमानाला आपोआप सरळ करतात.’

यातलं अर्धं खरं आहे, ते देऊन टाकतो. पुढे चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे तिरकं टेकलं तरी ते सरळ व्हायला बघतं. एरकूप नावाचं जुनं अमेरिकन छोटं विमान तर असंच उतरायचं; मूळ रचनेत त्याला रडरची, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या पात्याची, पेडलंच नव्हती. पण त्याचे पाय, म्हणजे चाकांचे दांडे, तो मार सोसतील असे बनवले होते, बोईंगचेही तसेच असतात. शिकाऊ पायलट उडवतात त्या छोट्या सेसना 172 चे नाहीत. विमान धावपट्टीच्या दिशेनं सरकतंय आणि चाकांचं तोंड भलतीकडे, म्हणजे सगळा आडवा जोर टायर आणि पायांवर. शेपटीखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य चाकांच्या मागे असतो. तिथे तिरकं टेकलात तर ते सरळ व्हायचं सोडून गर्रकन फिरतं.

अमेरिकेच्या एफएएचं (तिथल्या सरकारी विमान वाहतूक खात्याचं) ‘एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक’ फुकट मिळतं, फॉरवर्ड करणाऱ्यानं तेवढं तरी उघडायचं. नाक तिरकं ठेवून खाली या, हरकत नाही. पण टेकण्यापूर्वी सरळ व्हायलाच हवं. वारा डावीकडून असेल तर उजवा रडर देऊन नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि एलेरॉननं (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पात्यांनी) डावा पंख खाली धरायचा, नाहीतर विमान उजवीकडे वाहतं. आधी डावं चाक टेकतं, मग उजवं, मग पुढचं. टेकल्यावर एलेरॉन सोडायचा नाही. वेग उतरेल तसा तो वाऱ्याकडे आणखी वळवत न्यायचा, कारण मंद वेगात त्याचा जोर कमी पडतो.

‘पूर्ण फ्लॅप, कमीत कमी वेग’: उलट. फ्लॅप म्हणजे उतरताना पंखांमागून खाली काढायची पाती. सेसनाचं पुस्तकच सांगतं की जोराच्या आडव्या वाऱ्यात धावपट्टीच्या लांबीला पुरतील तेवढेच फ्लॅप घ्या.

‘झोत जेवढा, तेवढा वेग वाढवा’: निम्मा. झोत म्हणजे वाऱ्याचा अचानक येणारा झटका; तो एरवीच्या वाऱ्यापेक्षा जेवढा जास्त, त्याच्या निम्मा. वारा 12 नॉट (ताशी सागरी मैल), झोत 22, फरक 10, निम्मा 5. म्हणून नेहमीच्या 65 ऐवजी 70 नॉटनं या. जास्त आणलात तर विमान धावपट्टीवर तरंगत बसतं आणि तेवढा वेळ वारा त्याला ढकलतो.

‘पुस्तकात 15 नॉट आहे, तोवर बिनधास्त’: हा आकडा चाचणीत करून दाखवलेला आहे, शिकाऊ पायलटला दिलेली हमी नव्हे. शिवाय बघायचा तो वाऱ्याचा धावपट्टीला आडवा येणारा भाग. 20 नॉटचा वारा धावपट्टीच्या रेषेपासून 30 अंशांतून आला तर 10, 60 अंशांतून आला तर 17. झोत असतील तर हिशोब झोताचा.

आणि शेवटचा, सगळ्यात संतापजनक: ‘खाली आल्यावर परत वर जाणं म्हणजे नवखेपणा.’ हे लिहिणाऱ्यानं कॉकपिट लांबूनही पाहिलं नसावं. रडर पूर्ण दाबूनही नाक रेषेत येत नसेल, तर त्या वाऱ्यात ते विमान तिथे उतरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. थ्रॉटल पूर्ण पुढे, वेग सांभाळत चढ, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं वर घे आणि पुन्हा ये. तरी जमलं नाही तर वारा धावपट्टीच्या रेषेत असेल अशा दुसऱ्या विमानतळावर जा. राखीव इंधन कशासाठी भरतात, बाई?