सह्यांचा डोंगर

आमच्या घरात जमिनीचा विषय निघाला की मी पेपर उघडतो आणि मेहुणा डोळे मिटतो. डोळे मिटल्यावर त्याला जे दिसतं, त्याला तो 'व्हिजन' म्हणतो. याआधी त्याला सावर्ड्यात अळंब्यांची शेती आणि कुर्टीत कारवॉश दिसून गेलेला आहे. २०२२च्या फेब्रुवारीत त्याला रिसॉर्ट दिसला.

"भावजी, सगळा गोवा समुद्राकडे तोंड करून बसलाय. आपण पाठ फिरवायची."

पाठ फिरवून बघितलं तर सह्याद्री. सत्तरी तालुक्यात, केरीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाच खोल्यांचा रिसॉर्ट विकायला होता. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो वर्षातले चारच महिने चालायचा, जून ते सप्टेंबर. गोव्यात 'सीझन' म्हणजे ऑक्टोबर ते मे. मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक मोडून बांबू बांधून ठेवतात, तेव्हा यांची दारं उघडायची. पुण्या-बेळगावकडची कुटुंबं म्हणे पोराबाळांना घेऊन पाऊस बघायला घाट उतरतात.

पाऊस बघायला माणसं पैसे देतात यावर फोंड्याच्या माणसाचा सहजी विश्वास बसत नाही. आम्हांला तो फुकट मिळतो, आणि बऱ्याचदा घराच्या आत. आमच्याकडे पाऊस अजून इंचांत मोजतात. शंभर इंच भरले की 'पावसाची शंभरी' म्हणून पेपरात बातमी येते, जशी काही त्याने बॅट वर करून प्रेक्षकांना अभिवादन केलं असावं. सत्तरीतल्या वाळपईचं नाव त्या यादीत कायम वरच्या ओळींत. मेहुण्याचं म्हणणं, एवढा माल एका तालुक्यात पडून वाया जातोय.

आम्ही बघायला गेलो. रस्त्यावरच्या पाटीवर 'रिसॉर्ट' एवढंच शिल्लक होतं, आधीचं नाव वेलीने खाल्लेलं. आत पोफळी, माड, केळी, मिरवेली. मधून दगडी पाट. चिऱ्याच्या पाच खोल्या, वर मंगळुरी कौलं, प्रत्येक न्हाणीघरात एक बेडूक. मालकांतल्या थोरल्या भावाने (त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो) आम्हांला मागच्या बाजूला नेऊन एक कोरडा ठणठणीत काळा कातळ दाखवला.

"हो धबधबो."

आम्ही वर बघितलं. कातळावर एक सरडा ऊन खात होता.

"उदक जूनांत येता," दादा म्हणाला.

जन्मात पहिल्यांदाच मी एक धबधबा तोंडी आश्वासनावर पसंत केला. बायको म्हणाली, "अहो, बेडकांचं काय?" दादा म्हणाला, "ते विकत न्हय. ते आसातच."

खरी कथा वकीलबाबांच्या टेबलावर सुरू झाली. पोर्तुगीज १९६१ला गेले. जाताना पोदेर म्हणजे पाववाला ठेवला, पाव ठेवला आणि १८६७चा नागरी कायदा ठेवला. त्या कायद्याने इथे लग्न झालं, की आधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा. वारशाने आलेलीसुद्धा. त्यामुळे विकताना एकट्या नवऱ्याची सही चालत नाही, बायकोचीही लागते. मुलीला वाटा असेल तर जावयाचीही. कायदा उत्तम आहे. माझी बहीण विकणाऱ्यांच्या बाजूला असती तर मी त्याच्या आरत्या ओवाळल्या असत्या. पण मी घेणाऱ्यांच्या बाजूला होतो, आणि ज्यांच्या नावावर कुळागर होतं ते गृहस्थ वारलेले होते.

वकीलबाबांनी कोरा कागद घेतला आणि वंशावळ काढली. आजी, म्हणजे मालकांची विधवा, एक. तीन हयात मुलगे आणि तीन सुना, सात. चौथा मुलगा वारलेला. त्याची बायको, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि तिचा नवरा, अकरा. दोन लेकी आणि दोन जावई, पंधरा.

"यातला ठाण्याचा जावई," मी आशेने विचारलं, "त्यांचं लग्न तिकडेच झालंय. त्याला आपला कायदा लागतो?"

"दोन मतं आहेत," वकीलबाब म्हणाले. "पण घेऊन ठेवा. जादा सहीने खरेदीखत बिघडत नाही."

पंधरा. मेहुणा म्हणाला, "पंधरा म्हणजे काय, एका रविवारचं काम." त्या रविवारला पंधरा महिने लागले.

थोरला दादा तयार. दुसरा दोहाला. त्याच्या जोडप्याचं मुखत्यारपत्र वकिलातीच्या शिक्क्यासह आलं, पण शिक्का एका पानावर राहिला म्हणून परत गेलं आणि आखाती गरमी खाऊन पुन्हा आलं. तिसरा इथेच, केरीत. तो सही द्यायला एका पायावर तयार होता, पण थोरल्याशी बोलत नव्हता. वडिलांच्या बाराव्याला एक पितळी समई कोणी नेली यावरून दोघांचं जे बंद झालं ते झालंच. मी त्याच्याकडे तीन खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला सोलकढी मिळाली आणि समईचं वर्णन मिळालं. पाच वातींची, वर मोर, मोराची चोच किंचित वाकलेली. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "सही करतां हांव. पूण ताच्या कुशीक बसचो ना." मी त्याला कचेरीत स्वतंत्र बाकाची हमी दिली. जमीनव्यवहारात बाकाची हमी देणारा मी पहिलाच खरेदीदार असेन.

मग एक-चौदाचा उतारा, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, आला. मालकाच्या रकान्यात मालकाचं नाव. कुळाच्या रकान्यात 'बाबलो'. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, नुसता बाबलो. वकीलबाबांनी चष्मा काढला. वकिलाने चष्मा काढला की फी वाढते हे मला तोवर कळायला लागलं होतं. गोव्यात उताऱ्यावर कूळ लागलेलं असणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे; ज्याला माहीत नाही तो सुखी आहे. हा बाबलो किंवा त्याचे वारस शोधल्याशिवाय पुढे जाता येईना. वारस म्हणजे पुन्हा वंशावळ, पुन्हा सुना, पुन्हा जावई! मला रात्री स्वप्नात बाबलो दिसायचा. त्याला अकरा मुलं असायची.

गावात विचारलं तर प्रत्येक वाड्यावर दोन बाबले. शेवटी आजीने उलगडा केला. ती माजघरात विळीवर सुपारी सोलत बसली होती. नाव ऐकून हात न थांबवता म्हणाली, "बाबलो? तो आमचोच घोव न्हय रे."

म्हणजे आजीचा नवरा, खुद्द मालकच. सत्तरच्या दशकात सर्व्हेवाले आले तेव्हा तो न्हाणीत होता. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, जमीन कसतो कोण? शेजारी म्हणाला, बाबलो. झालं. पन्नास वर्षं तो गृहस्थ स्वतःच्याच जमिनीचा मालकही होता आणि कूळही. स्वतःला स्वतःच्या तावडीतून सोडवायला त्याला मरणोत्तर आठ महिने लागले. सुनावण्या सांगत बसत नाही.

त्या आठ महिन्यांत दुसरंच संकट उभं राहिलं. वारलेल्या मुलाच्या मुलाचं लग्न ठरलं. घरात आनंद. मी आणि मेहुणा मात्र वकीलबाबांकडे धावलो.

"लग्नाआधी खत झालं तर पंधरा," ते म्हणाले, "नंतर सोळा."

त्या पोराला मी आडून विचारून बघितलं, की मुहूर्त जरा पुढचा धरला तर? घाईत केलेल्या लग्नांचं पुढे काय होतं वगैरे. मेहुण्याने पत्रिका बरोबर जुळली आहे ना, अशी शंका काढली. पोरगा म्हणाला, "काका, हॉल बुक झालाय." गोव्यात हॉल बुक झाला की ब्रह्मदेवाचाही इलाज चालत नाही. आम्ही लग्नाला गेलो, जेवलो, आहेर केला. स्टेजवर फोटोला उभे राहिलो तेव्हा मेहुणा माझ्या कानात कुजबुजला, "सोळावी सही. साडी छान आहे."

शेवटी २०२३च्या मे महिन्यात सगळे एकदाचे निबंधकाच्या कचेरीत जमले. थोरला या टोकाच्या बाकावर, तिसरा त्या टोकाच्या, मध्ये मी दोन्हीकडे पाण्याच्या बाटल्या पोचवतोय. नवी सून हातावरची मेंदी पुरती गेलेली नसताना सही करत होती. आधारवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, त्याचा एक कागद वेगळा. आजीची पाळी आली तेव्हा यंत्र तिचा अंगठा घेईना. साठ वर्षं सुपारी सोलून त्यावर रेघ म्हणून उरली नव्हती, गारगोटीसारखा गुळगुळीत. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. कारकुनाने पुसला, आजीने पदराला घासला, मेहुण्याने फुंकर मारली. डाव्या करंगळीला यंत्राने एकदाचा हिरवा दिवा दिला आणि सगळ्या कचेरीने टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाली, "ह्या बोटान हांव कितेंच करिना. म्हणून उरलें."

खतात शेवटी एक कलम होतं. कुळागराच्या वरच्या कोपऱ्यात एका झाडाखाली राखणदाराची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची, जागा आहे. वर्षातून एकदा विकणाऱ्यांच्या कुटुंबाला तिथे येऊन राखणदाराला रोटाचा नैवेद्य द्यायचा हक्क राहील. मी म्हटलं, हरकत काय? राखणदाराशी वाकडं घेऊन सत्तरीत कोणी धंदा करत नाही. आमच्या बाजूने मी, बायको, मेहुणा आणि मेहुण्याची बायको, अशा चार सह्या झाल्या. बाहेर पडताना बायको म्हणाली, "म्हणजे निम्म्यातला निम्मा धबधबा माझा." कर्जाच्या हप्त्यातही तिचा तेवढाच वाटा आहे हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

जून कोरडा गेला. कातळावर तोच सरडा. महिनाअखेर एका रात्री तो आवाज आला आणि सकाळी बघतो तर दादा शब्दाला जागला होता. कातळ गायब, वरून खालपर्यंत पांढरं फेसाळ दूध. मी आणि मेहुणा छत्री विसरून नुसते उभे. पायाला काहीतरी गार लागलं म्हणून खाली बघितलं, तर डाव्या पिंढरीवर तीन जळवा. उजवीकडे बघायचं धाडस झालं नाही.

पाहुणे आले. पुण्याच्या एका कुटुंबाने पोचताच विचारलं, "बीच किती लांब?" मेहुण्याने त्यांना तायकिळ्याची भाजी आणि अळमीचं तोंडाक वाढून विषय बदलला. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची, तीही कुठली कुठली. संध्याकाळी सगळे पाहुणे छत्र्या घेऊन टाकीभोवती गोल उभे राहून "हॅलो, हॅलो" करायचे. लांबून बघणाऱ्याला एखादा विधी चाललाय असं वाटावं. कपडे वाळायचे नाहीत. चपलांवर बुरशी यायची. एका लहान मुलीने आपल्या न्हाणीतल्या बेडकाचं बारसं केलं आणि जाताना रडली. हिशेबाच्या वहीत मी तो एकमेव चांगला शेरा म्हणून लिहून ठेवला आहे.

मग जुलै. नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. त्यातच दूधसागरला रुळांवरून चालत निघालेल्या पर्यटकांना रेल्वे पोलीस उठाबशा काढायला लावतायत असा व्हिडिओ देशभर फिरला. आमचा धबधबा आमच्या हद्दीत, वहिवाटीचा. पण फोन करणाऱ्याला एवढं कोण समजावणार? "काका, तुमच्याकडे उठाबशा आहेत का?" असं एकाने विचारलं आणि बुकिंग रद्द केलं. महिनाअखेर हायकोर्टाने सत्तरीतलं म्हादई अभयारण्य आणि आसपासचा भाग व्याघ्रक्षेत्र म्हणून जाहीर करा असा आदेश दिला. मेहुण्याने डोळे मिटले. "भावजी, वाघ दिसणार म्हटल्यावर दर दुप्पट करू." मी त्याला टाकीपाशी नेऊन उभा केला आणि ज्यांनी वाघाच्या बातमीवरून बुकिंग रद्द केलं होतं, त्यांचे फोन त्यालाच घ्यायला लावले.

ऑगस्ट रिकामा. सप्टेंबरही तसाच चालला होता. गणेश चवथीच्या आदल्या रविवारी सकाळी मात्र फाटकाशी गाड्यांचे हॉर्न वाजले. एक, दोन, चार गाड्या. मेहुणा पळत कॉटवरच्या चादरी सरळ करायला गेला.

विकणारे आले होते. सगळे. दोहावाले चवथीला रजेवर, ठाण्याचे चवथीला गावी, नवी सून पहिल्या चवथीला. राखणदाराचा रोट द्यायला, कलमाप्रमाणे. शिवाय माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळांच्या मांडवाला, बांधायला सुपारीचे घोस, तोरिंगं आणि कवंडळं अशी फळं काढून न्यायला, हे कलमात नव्हतं, पण आजीला कोण सांगणार? रोट झाला, बिडी झाली, फेणीचे थेंब झाले, गाऱ्हाणं झालं. गाऱ्हाण्यात दादाने आमच्या धंद्याला बरकत मागितली. तेवढ्यात पावसाने तोंड उघडलं, आणि संध्याकाळी खबर आली की खाली रस्त्यावर भलामोठा माड्डीचा वृक्ष आडवा झालाय, उद्यापर्यंत वाट नाही.

पाचही खोल्या भरल्या. सीझनमध्ये पहिल्यांदाच 'हाउसफुल'. थोरला आणि तिसरा एकाच खोलीत, दुसरी जागाच नव्हती. रात्री वीज गेली. मी कंदील घेऊन त्यांच्या दाराशी गेलो, तर आतून आवाज आला, "मोराची चोच वाकडी नव्हती रे, ती तुवें पाडयली म्हणून वाकली."

भाडं मागायचा प्रश्नच नव्हता. पण नियमाप्रमाणे राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद रजिस्टरमध्ये हवी, तर सकाळी निघताना मी भीतभीत ते पुढे केलं. दादाने सही केली आणि पेन तिसऱ्याकडे दिलं. तिसऱ्याने सही करून बायकोकडे. दोहावाल्याने मुखत्यारपत्राशिवाय केली. ठाण्याच्या जावयाने, दोन मतं असूनही, केली. नव्या सुनेने सासरचं नाव घालून केली. आजीने स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवला, कागदावर दाबला, उचलला.

सोळा सह्या, सात मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो.

मेहुण्याकडे बघितलं, तर त्याने डोळे मिटले होते.