समता पाळा, पण बांध सांभाळून

विचारसरणी नसलेला माणूस सांगली जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. तुमच्याकडे अजून नसेल तर आजच घ्या. संध्याकाळी टपरीवर पावशेर भडंग आणि ऐकायला दोन माणसं, एवढ्यावर भागतं. घ्यायची तर समतेचीच घ्या. बाकीच्यांना हल्ली रोख मोजावे लागतात, ही अजून उधारीवर मिळते.

समता मोजायची ती कायम वर बघून. मुंबईच्या कुठल्या शेठनं पोराच्या लग्नात किती कोटी उडवले, हे तोंडपाठ पाहिजे. आपल्या पुतणीच्या लग्नात उठलेल्या तेराशे पानांचा विषय निघाला तर लगेच हवापाण्यावर या. नाहीतर कुणीतरी म्हातारा प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध गावोगावी चाललेल्या समांतर सरकारच्या काळातली, बिनखर्चाची गांधी लग्नं काढून बसतो.

इतिहास मात्र भरपूर वापरा. आपल्याकडं तो ढिगानं पिकतो. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, म्हणजे आपलेच. 1943 पासून सातारा जिल्ह्यात (तेव्हा आपण साताऱ्यातच होतो) नानांचं प्रतिसरकार चाललं, गावगुंडांना पत्री (तळपायांवर काठीचा मार) बसायची, हे सांगताना आवाज चढलाच पाहिजे. आपले आजोबा त्यात कुठल्या बाजूला होते याची चौकशी करू नका. गावात पत्री मारणारेही होते, खाणारेही होते. नातवंडं मात्र सगळी मारणाऱ्यांचीच निघाली. नाना कम्युनिस्ट म्हणून 1957 ला साताऱ्यातून लोकसभेत गेले, 1967 ला बीडमधून. बीडकरांनी आपला माणूस दिल्लीला धाडला, हे भाषणात जरूर घ्या. बीडची माणसं ऊसतोडीच्या फडात दिसली की विसरा.

फडावरून आठवलं. गेल्या हंगामात आमच्या रानात टोळी उतरली होती. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला त्यातली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढत होती. फळी मधे वाकायची, बाई थांबायची, फळीचा हेलकावा थांबला की पुढचं पाऊल. मी फोटो काढला, 'कष्टाला सलाम' लिहून स्टेटसला ठेवला. शंभरावर लोकांनी बघितला. उजाडल्यावर टोळीचा मुकादम खुशाली, म्हणजे तोडणीचे वरचे पैसे, मागायला आला, तेव्हा ट्रॉलीमागं किती यावर त्याच्याशी पाऊण तास घासाघीस केली, आणि दुपारी टपरीवर शोषण या विषयावर बोललो. माझ्या शोषणावर. इतकं जमलं की तुम्ही तयार झालात.

कायदाही येऊ द्या, पण अर्धा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं कारखान्याला ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता आलं पाहिजे. भांगलणीच्या (खुरपणीच्या) बायकांचे पैसे मात्र 'बिल आल्यावर'. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 ला आला, तो दिल्लीहून निघून आमच्या पाणंदीत अजून पोचलेला नाही. आमच्या रानात बाप्याला पाचशे, बाईला तीनशे. का, तर बायकांचं काम हलकं. हळदीत दिवसभर वाकून तिच्या पाठीचा कणा धनुष्यासारखा होतो आणि पाचशेवाला पाणी पाजायला म्हणून बांधावर तंबाखू मळत बसलेला असतो, पण हलकं म्हणजे हलकं.

सहकाराबद्दल फार लिहीत नाही, वर्षाकाठी एक दिवसाचं, कारखान्याच्या सभेचं काम आहे. शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. ताळेबंदाचं पान उलटायच्या आत 'मंजूर, मंजूर' ओरडून ते वापरून टाका. नाष्टा गार होतो.

सगळ्यात जपायचं ते पाण्याच्या बाबतीत. खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा स्मृती धरण आहे. ऐंशीच्या दशकात तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी नदीची थोडी वाळू विकून पैसा उभा केला, अंगमेहनत घातली आणि ठरवलं की पाणी एकरावर वाटायचं नाही, घरावर वाटायचं. ज्याला गुंठाभर रान नाही त्याचाही हिस्सा. पाहुण्यांना तिथं जरूर न्या. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, तेवढं वाटून टाकायला हरकत नाही. परत आल्यावर शेजारच्यानं विहिरीची एक पाळी मागितली, तर मोटर जळलीय म्हणा.

एवढं लिहून होतंय तोवर दारात मामी आल्यात. तीन आठवड्यांचे पैसे राहिलेत त्यांचे, आणि आज बाजाराचा दिवस. बायकोला आतूनच खूण केलीय. "मालक न्हाईत घरात," ती सांगतीय, "मीटिंगला गेल्यात."

"कसली वं मीटिंग?"

"ते समतेचं काय असतंय बघा, ती."

मामी पायरीवर बसल्यात. म्हणाल्या, "येऊ द्या, बसते की."